ईमेलवरच्या डिप्लोमसीत पहिल्यांदा उतरताना

डिप्लोमसी हा पटावरचा खेळ सात जणांचा आहे. त्यात फासे नाहीत, पत्ते नाहीत. पहिल्या महायुद्धाच्या आधीचा युरोपचा नकाशा, त्यावर इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया-हंगेरी, रशिया आणि तुर्कस्तान अशा सात सत्ता. नकाशावरच्या प्रांतांपैकी 34 रसदकेंद्रं, म्हणजे सैन्याला पोसणारे प्रांत आहेत आणि ज्याच्या हातात 18 आली तो जिंकला. सगळे आपापल्या ऑर्डरी, म्हणजे सैन्याने काय करायचं ते, गुपचूप लिहितात आणि त्या एकाच वेळी उघडतात. ऑर्डर लिहिण्याआधी एकमेकांशी बोलायचं, तह करायचे, वचनं द्यायची. ती पाळलीच पाहिजेत असा नियम नाही.

टेबलाभोवती बसून हा डाव सहा-सात तास चालतो. उदगीर, सेलू, अंबाजोगाई, वसमत अशा गावांत एका जागी, एका दिवशी, इतका वेळ सात जण जमवणं सोपं नाही. ईमेलवर मात्र एक जण लातूरला, एक नांदेडला, एक पुण्यात नोकरीला आणि एक कॅनडात असला तरी डाव रंगतो. या खेळाचं पत्रांशी नातंही जुनं आहे. अमेरिकेतल्या अ‍ॅलन कॅलहॅमर यांनी तो 1954 मध्ये तयार केला, 1959 मध्ये स्वतःच्या खर्चाने 500 प्रती छापल्या, आणि पुढे ते पोस्टमन म्हणून नोकरी करत होते. 1963 पासून लोक टपालाने खेळू लागले. 1980 च्या दशकाच्या अखेरीस ईमेलने आलेल्या ऑर्डरी वाचून आपोआप निकाल लावणारा प्रोग्रॅमही आला. आता वेबडिप्लोमसी, बॅकस्टॅबरसारख्या साइटवर बटणं दाबून खेळता येतं, पण सावकाश विचार करून लिहिलेल्या पत्रांचा डाव मला अजूनही सर्वांत कसदार वाटतो. नव्या माणसाला त्यात शिरायचं कसं, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी नकाशा, मग नियम

नियमांची पुस्तिका वाचण्याआधी नकाशा छापून घ्या. झेरॉक्सच्या दुकानात ए-थ्री आकारात रंगीत प्रिंट काढा. कटलरीच्या दुकानातून सात रंगांची बटणं आणा, प्रत्येक रंगात लहान आणि मोठी अशी दोन मापं घ्या. लहान बटण म्हणजे सैन्य, मोठं म्हणजे आरमार. सुरुवातीला रशियाकडे चार दलं असतात, बाकी सहा सत्तांकडे तीन-तीन, अशी एकूण 22 दलं. ती मांडा आणि कुठून कुठे जाता येतं ते बोटाने फिरून पाहा. मोबाइलच्या पडद्यावर नकाशा बघणाऱ्याच्या लक्षातच येत नाही की इटलीचं व्हेनिस आणि ऑस्ट्रियाचं ट्रिएस्ट एकमेकांना चिकटलेले आहेत आणि पहिल्याच मोसमात एक जण दुसऱ्याच्या घरात शिरू शकतो. कागदावर ते लगेच दिसतं.

नियम थोडक्यात असे. खेळातलं एक वर्ष म्हणजे वसंत आणि शरद असे दोन चालींचे मोसम, आणि त्यानंतर हिवाळा. सुरुवात वसंत 1901 पासून. प्रत्येक दल एका मोसमात एकच काम करतं: जागेवर थांबतं, शेजारच्या प्रांतात जातं, दुसऱ्या दलाला पाठिंबा देतं, किंवा समुद्रातलं आरमार असेल तर सैन्याला पाण्यावरून पलीकडे पोचवतं. प्रत्येक दलाची ताकद एकच. दोघे एकाच जागी सारख्या ताकदीने आले तर कुणीच आत जात नाही, दोघेही आपापल्या ठिकाणी राहतात. ताकद वाढते ती फक्त पाठिंब्याने. शरदाच्या शेवटी कुणाचं दल कोणत्या केंद्रावर आहे ते मोजतात. केंद्रं वाढली तर हिवाळ्यात नवीन दलं उभी करायची, कमी झाली तर दलं मोडायची. नवीन दल फक्त आपल्या मूळच्या घरच्या केंद्रात उभं राहतं, आणि ते केंद्र आपल्या ताब्यात व मोकळं असावं लागतं. म्हणून शरदात घर अडवून बसू नका.

एवढं कळलं की बॅकस्टॅबरच्या सँडबॉक्समध्ये सातही सत्तांच्या ऑर्डरी स्वतःच टाकून दोन-तीन वर्षं खेळून बघा. निकाल का तसा लागला हे प्रत्येक वेळी स्वतःला समजावता आलं की तुम्ही तयार आहात.

डाव निवडणं आणि नाव देणं

ईमेलच्या डावात सात खेळाडूंशिवाय एक आठवा माणूस असतो. त्याला गेम मास्टर, किंवा नुसतं जीएम म्हणतात. तो ऑर्डरी गोळा करतो, निकाल लावतो आणि नवीन नकाशा सगळ्यांना पाठवतो. नाव देण्याआधी त्याला तीन गोष्टी विचारा: ऑर्डरीची मुदत किती दिवसांची आहे, खेळाडू एकमेकांना थेट लिहू शकतात का, आणि कुणी मधेच सोडून गेलं तर काय करता.

मुदत साधारण चालींना एक आठवडा आणि माघार (हुसकलेलं दल मागे नेणं) व हिवाळ्याला दोन-तीन दिवस अशी असते. म्हणजे खेळातलं एक वर्ष अडीच आठवड्यांत होतं, आणि डाव नऊ-दहा वर्षं चालला तर पाच-सहा महिने हातात हवेत. तेवढी बांधिलकी जमणार नसेल तर आत्ताच थांबा. रोजच्या रोज मुदत असणारे झटपट डावही असतात, पण पहिल्या खेपेला ते घेऊ नका, कारण त्यात पत्र लिहायला सवडच मिळत नाही. खेळाडूंनी आपसात एक शब्दही लिहायचा नाही, अशा डावाला गनबोट म्हणतात. नियम पक्के करायला तो एखादा खेळावा. इंग्रजीत पत्रं लिहायची धास्ती वाटते म्हणून मात्र कायम गनबोटच खेळत राहू नका, या खेळाचा जीव पत्रांतच आहे.

नाव देण्याचं पत्र लहान असावं. मी नवीन आहे, नियम वाचले आहेत, आठवड्याची मुदत जमेल, अमुक तारखांना जमणार नाही, आणि सत्तांची माझी पसंती अशी, बस. पसंती देताना नव्या माणसाने फ्रान्स, इंग्लंड, तुर्कस्तान वर ठेवावेत. हे तिघे नकाशाच्या कडेला आहेत, पाठ झाकलेली असते, चूक झाली तरी सावरायला वेळ मिळतो. ऑस्ट्रिया चारी बाजूंनी उघडा आहे, तिथे पहिल्या वर्षीच तीन शेजारी सांभाळावे लागतात. रशियाचं चौथं दल बघून हुरळून जाऊ नका, त्याच्या सरहद्दीही तेवढ्याच लांब आहेत.

आत शिरण्याचा आणखी एक मार्ग आहे आणि तो मला सर्वांत चांगला वाटतो: राखीव खेळाडू म्हणून नाव देणं. कुणी डाव सोडला की जीएम त्याची सत्ता राखीव खेळाडूला देतो. जीएमना राखीव माणसं नेहमीच कमी पडतात, त्यामुळे नव्यालाही लगेच संधी मिळते. हाती येते ती बहुतेक वेळा खिळखिळी झालेली सत्ता, चार केंद्रं आणि दोन शत्रू. पण तिथे जिंकायचं दडपण नसतं, आणि उरलेल्यांपैकी कुणाला आपली गरज आहे हे ओळखायला माणूस पटकन शिकतो.

घड्याळ

परदेशी डावात मुदत बहुधा जागतिक प्रमाणवेळेत दिलेली असते. आपलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे. रविवारी रात्री 11 ची मुदत म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेचार. जीएम अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा असेल आणि त्याने शुक्रवारी रात्री 9 सांगितले, तर आपल्याकडे शनिवारी सकाळचे साडेसहा असतात, आणि हिवाळ्यात तिकडची घड्याळं तासभर मागे गेली की साडेसात. हा हिशेब डाव सुरू होतानाच करून मोबाइलवर आदल्या संध्याकाळचा गजर लावून ठेवा.

मुदतीत ऑर्डरी पोचल्या नाहीत तर त्याला एनएमआर म्हणतात, आणि तुमची सगळी दलं जागेवर उभी राहतात. नुकसान एकट्या तुमचं होत नाही. ज्याने तुमच्या पाठिंब्यावर भरवसा ठेवून चाल केली तोही उघडा पडतो, आणि शेजाऱ्याला फुकटची केंद्रं मिळून अख्ख्या डावाचा तोल जातो. म्हणून माझा आग्रह आहे की मुदत सुरू झाली त्याच दिवशी तात्पुरत्या ऑर्डरी पाठवून द्याव्यात. सहसा सर्वांत शेवटी आलेल्या ऑर्डरी धरल्या जातात, त्यामुळे बदलायला मोकळीक राहतेच. संध्याकाळी लाइट गेली, शिवारात रेंज नाही, पाहुणे आले, काही झालं तरी जीएमकडे तुमच्या नावाचं काहीतरी असतं. रेंज कमी असताना मेल नुसता आउटबॉक्समध्ये पडून राहतो आणि आपल्याला वाटतं गेला. वेळ धरतात ती पोचल्याची. जीएमची पोच येईपर्यंत ऑर्डरी गेल्या असं समजू नका.

मराठी गटात डाव लावणार असाल तर मुदती ठरवताना आपलं कॅलेंडर समोर घ्या. मृगाच्या पेरणीचे दिवस, महालक्ष्म्या, पोळा, सोयाबीनची काढणी, दिवाळी. लातूर-धाराशिवकडचे खेळाडू असतील तर येळवशीच्या (वेळ अमावास्येच्या) दिवशी मुदत ठेवूच नका, सगळे शेतात असतात आणि असावेतही.

पहिलं पत्र

सत्ता वाटून झाल्या की पहिल्याच दिवशी सहाही जणांना लिहा. फक्त शेजाऱ्यांना नाही, सहाही जणांना. तुर्कस्तानच्या माणसाला इंग्लंडशी काय बोलायचं असं वाटतं, पण रशिया दोघांचाही शेजारी आहे आणि त्याच्याबद्दलची बातमी दोघांनाही हवी असते. ज्याचं पत्र आधी येतं त्याच्याशी माणूस आधी जुळवतो.

‘नमस्कार, मैत्री करूया’ असं पत्र काही कामाचं नाही. तुर्कस्तानने रशियाला लिहिलेला हा नमुना पाहा:

‘रशिया दादा, राम राम. मी तुर्कस्तान. वसंतात आपण दोघंही काळ्या समुद्रात आरमार घालू. टक्कर होईल, कुणीच आत जाणार नाही. तुमचं सेव्हास्तोपोल आणि माझं अंकारा दोन्ही निर्धास्त राहतील. मी कॉन्स्टँटिनोपलचं सैन्य बल्गेरियाला नेतो. स्मर्नाचं सैन्य आर्मेनियात पाठवणार नाही. तुम्हाला हे पटतं का ते बुधवारपर्यंत कळवा, म्हणजे स्मर्नाचं काय करायचं ते मला ठरवता येईल.’

यात नेमकी चाल आहे, दोघांचा फायदा आहे, आणि निकाल लागताच तपासता येईल असं एक वचन आहे. आर्मेनियात तुर्की सैन्य दिसलं नाही की रशियाला कळेल हा माणूस बोलल्याप्रमाणे वागतो. शेवटी प्रश्न आहे आणि त्याला वार दिला आहे, त्यामुळे उत्तर येतं. परदेशी डावात हेच सगळं साध्या, तुटक इंग्रजीत लिहिलं तरी चालतं. समोरचा व्याकरण तपासत नाही, प्रांतांची नावं बरोबर आहेत का ते बघतो. मशीनकडून भाषांतर करून घ्यायचं असेल तर ते चालतं का हे जीएमला आधी विचारून घ्या.

पत्र पाठवताना पत्ता सर्वांत शेवटी भरा. फ्रान्सविरुद्धचा बेत ‘सगळ्यांना उत्तर द्या’ या बटणाने फ्रान्सलाच गेला, तर तो परत घेता येत नाही. प्रत्येक खेळाडूसाठी वेगळं लेबल करा आणि कुणाला काय वचन दिलं ते वहीत तारखेसह टिपत जा. चौथ्या वर्षी तुम्ही पाच जणांशी पाच वेगळ्या गोष्टी बोललेले असता, तेव्हा ही वहीच कामी येते.

ऑर्डरी अशा लिहा

मेलच्या विषयात डावाचं नाव, आपली सत्ता आणि मोसम. मजकुरात आधी दलाचा प्रकार, मग ते आत्ता कुठे आहे, मग काय करायचं. मराठी गटात से. म्हणजे सैन्य आणि आ. म्हणजे आरमार असं ठरवून घेता येतं. फ्रान्सच्या वसंत 1901 च्या ऑर्डरी:

से. पॅरिस – बर्गंडी
से. मार्सेय पाठिंबा से. पॅरिस – बर्गंडी
आ. ब्रेस्ट – मिड-अटलांटिक

समजा त्याच मोसमात जर्मनीने लिहिलं:

से. म्युनिक – बर्गंडी
से. बर्लिन – कील
आ. कील – डेन्मार्क

बर्गंडीवर पॅरिसचं सैन्य मार्सेयच्या पाठिंब्याने दोनच्या ताकदीने आलं, म्युनिकचं एकच्या. फ्रान्स आत गेला, म्युनिकचं सैन्य जागेवर राहिलं. जर्मन आरमार डेन्मार्कला निघून गेल्याने कील मोकळं झालं आणि बर्लिनचं सैन्य तिथे पोचलं. बर्गंडी स्वतः केंद्र नाही. पण तिथून शरदात म्युनिकवरही जाता येतं आणि बेल्जियमवरही, म्हणून पहिल्याच मोसमात तिच्यासाठी एवढी ओढाताण होते.

आता पाठिंब्याची गोम. पाठिंबा देणारं दल जिथे स्वतः जाऊ शकतं तिथलाच पाठिंबा देऊ शकतं. पाठिंब्याची ऑर्डर आणि प्रत्यक्ष चाल तंतोतंत जुळली पाहिजे. वर मार्सेयने बर्गंडीचा पाठिंबा लिहिला आणि पॅरिस ऐन वेळी पिकार्डीला गेलं, तर पाठिंबा वाया. आणि पाठिंबा तुटतो. पुढे कधी इटलीचं सैन्य पीडमाँटमधून मार्सेयवर नुसतं चालून आलं, आत शिरलं नाही तरी, मार्सेयचा पाठिंबा बाद होतो. मुख्य अपवाद असा: ज्या प्रांतावरच्या हल्ल्याला आपण पाठिंबा देतोय, तिथूनच आपल्यावर चाल झाली तर पाठिंबा टिकतो, फक्त आपण जागेवरून हुसकले जाता कामा नये. नवे खेळाडू सर्वांत जास्त इथेच अडतात. हे तीन प्रकार बटणांवर मांडून पुन्हा पुन्हा करून बघा.

स्पेन, बल्गेरिया आणि सेंट पीटर्सबर्ग यांना दोन-दोन किनारे आहेत. आरमार तिथे नेताना कोणता किनारा ते लिहावंच लागतं. मिड-अटलांटिकमधून स्पेनच्या दोन्ही किनाऱ्यांना जाता येतं, किनारा लिहिला नाही तर बऱ्याच डावांत ऑर्डर रद्द होते. इंग्रजी डावात प्रांतांची तीन अक्षरी लघुरूपं चालतात, पण नॉर्वे, नॉर्थ सी आणि नॉर्वेजियन सी यांची सुरुवात सारखीच असल्याने घोळ होतो. लिव्हरपूल आणि लिव्होनियाचंही तसंच. पूर्ण नाव लिहिल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

पाठवण्याआधी दलं मोजा. पाच दलं आणि चारच ऑर्डरी असतील तर पाचवं दल आपोआप जागेवरच थांबतं.

निकाल आल्यावर

आधी बटणं हलवा, मग राग-लोभ. जीएम माणूस असतो, हाताने निकाल लावताना त्याच्याकडून चूक होऊ शकते. बरेच जीएम रिअलपॉलिटिक किंवा जे-डिपसारखं सॉफ्टवेअर वापरतात, तरी ऑर्डर टाकताना गल्लत होऊ शकतेच. शंका असेल तर त्याच दिवशी नम्रपणे, नेमक्या ऑर्डरीचा उल्लेख करून लिहा. दोन मोसम उलटल्यावर कुणी मागे जात नाही.

आपलं दल हुसकलं गेलं तर माघारीची ऑर्डर वेगळी पाठवायची असते. हल्ला जिथून आला तिथे माघार घेता येत नाही, आणि ज्या प्रांतात टक्कर होऊन जागा रिकामी राहिली तिथेही नाही. जागाच नसेल तर दल मोडतं.

मग विश्वासघात. तो होणार. ज्याच्याबरोबर तीन वर्षं खांद्याला खांदा लावून खेळलात तोच एके दिवशी म्युनिकमध्ये शिरलेला दिसेल. त्याला लगेच तापून लिहू नका, पण गप्पही बसू नका. दुसऱ्या दिवशी विचारा की तुला यातून काय हवं होतं. पुष्कळदा त्याला आणखी एका वर्षाने तुमचीच गरज पडते. आणि तुम्ही स्वतः दगा देणार असाल तर तो एवढा मोठा असू द्या की समोरचा पुन्हा उभा राहणार नाही. एका केंद्रासाठी चांगला मित्र घालवणं परवडत नाही.

डावाबाहेर मात्र याचं काही नेऊ नये. परभणीच्या कृषी विद्यापीठात एका वर्गात शिकलेले मित्र किंवा साडू-साडू एकाच डावात असले तर सुरुवातीलाच जीएमला सांगून टाकावं. आपला मावसभाऊ आहे म्हणून शेवटपर्यंत त्याच्याशीच युती, हा बाकी पाच जणांवर अन्याय आहे. एका माणसाने दोन पत्त्यांवरून दोन सत्ता चालवणं, किंवा जीएमच्या नावाने खोटा मेल पाठवणं, यावर तर डावातून थेट हकालपट्टी होते, आणि ती योग्यच आहे. दुसऱ्याने लिहिलेलं पत्र तिसऱ्याला दाखवणं बहुतेक डावांत चालतं. म्हणून जे उघड झालेलं सोसणार नाही ते लिहू नका.

आजारपण, लग्नसराई, परीक्षा, बदली अशा कारणांनी खेळणं जमेनासं झालं तर आठवडाभर आधी जीएमला कळवा. तो मुदत वाढवतो किंवा राखीव खेळाडू बसवतो. हरायला लागल्यावर गुपचूप गायब होणाऱ्याला पुढच्या डावात कुणी घेत नाही. एक केंद्र उरलं तरी खेळत राहा, मोठ्या दोघांच्या भांडणात त्या एका दलाचा पाठिंबा कधी कधी निर्णायक ठरतो.

डाव नेहमीच 18 केंद्रांपर्यंत जात नाही. उरलेल्या सगळ्यांनी मान्य केलं तर बरोबरीत सुटतो. त्यासाठीचं मत जीएमला गुप्तपणे कळवायचं असतं. संपल्यावर खेळाडू आपापली बाजू लिहून पाठवतात: कधी काय ठरवलं, कुणावर का भरवसा ठेवला, कुठे फसलो. ती सगळी पत्रं आपल्या वहीशेजारी ठेवून वाचा, आणि त्याच आठवड्यात जीएमला पुढच्या डावासाठी राखीव म्हणून नाव देऊन ठेवा.